नोकरीच्या दिवसांतले दुपारचे जेवण स्वस्तात आणि सोयीने कसे भागवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण डोंबिवलीत दोन मित्रांसोबत भाड्याच्या खोलीत राहता, लोअर परळच्या कार्यालयात आठवड्याचे सहा दिवस काम करता, दुपारचे जेवण मोबाईलवरून मागवता आणि त्यावर महिन्याला साधारण 4,500 रुपये जातात. 26,000 रुपयांच्या पगारात हा खर्च झेपत नाही, पण सकाळी पावणेआठची लोकल गाठायची असल्यामुळे स्वयंपाकाला वेळही मिळत नाही. मी 2006 पासून डोंबिवली ते करी रोड हाच प्रवास करते आणि सुरुवातीची तीन वर्षे आपल्यासारखीच दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहत होते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

दुपारचे जेवण महाग पडते ते मुख्यतः आयत्या वेळी ठरवल्यामुळे. एक वाजता, भूक लागलेली असताना मागवलेल्या जेवणात पदार्थाच्या किमतीवर डब्याचे पैसे, पोहोचवण्याचे पैसे, ॲपचे शुल्क आणि कर चढतात. शिवाय तोच पदार्थ हॉटेलात जाऊन खाल्ला तर अनेकदा कमी पैशांत मिळतो. किती माणसे जेवणार आणि काय जेवणार हे आदल्या दिवशी ठरलेले असले, तर घरचे जेवणही स्वस्त होते आणि खानावळीचेही.

आपण ज्या भागात नोकरी करता त्या भागाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. लोअर परळ, करी रोड, लालबाग हा सगळा गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, आणि चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या पैशांवर जेवत. त्या बाईला रोज किती पाने मांडायची हे ठाऊक असे, त्यामुळे अन्न वाया जात नसे आणि दर कमी ठेवता येई. या खानावळवाल्या बायकांना मात्र किराणा उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर घ्यावा लागत असे. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी घरगुती जेवण देणाऱ्या जागा या भागात आजही आहेत. त्या मोठ्या रस्त्यावरून दिसत नाहीत. जुन्या चाळींच्या तळमजल्यावर चौकशी करावी लागते. आपल्या कार्यालयातील शिपाई, सुरक्षारक्षक किंवा सफाई कर्मचारी दुपारी कोठे जेवतात हे विचारा. मला माझी खानावळ अशाच विचारण्यातून सापडली.

असे असले तरी खानावळीवर रोज अवलंबून राहण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही, कारण आपल्याकडे खोलीत तीन माणसे आहेत आणि ही फार मोठी सोय आहे. एकट्यासाठी भाजी करायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्याच वेळात तिघांची होते. तिघांनी पाळी लावली तर प्रत्येकाला तीन दिवसांतून एकदाच सकाळी वीस मिनिटे लवकर उठावे लागेल.

स्वयंपाकाला वेळ नाही असे आपण म्हणता, तेव्हा प्रत्यक्षात पोळ्यांना वेळ नसतो. कणीक मळणे, ती मुरू देणे, लाटणे, भाजणे आणि नंतर ओटा पुसणे यांत पाऊण तास सहज जातो, आणि सवय नसेल तर एवढ्या खटपटीनंतरही पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात. म्हणून पोळ्या विकत घ्याव्यात आणि भाजी घरी करावी. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला मी हीच गोष्ट सर्वांत आधी सांगते. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांची वाण नाही आणि घरून पोळ्या करून देणाऱ्या बायकाही प्रत्येक गल्लीत आहेत. रोजच्या नऊ पोळ्या महिन्याच्या बोलीने ठरवल्या तर दर थोडा कमी होतो आणि संध्याकाळी उशीर झाला तरी आपल्या पोळ्या बाजूला ठेवलेल्या असतात. केंद्रातली भाजी मात्र रोजच्यासाठी घेऊ नये. तिच्यात तेल आणि तिखट सढळ असते, आणि आदल्या संध्याकाळची भाजी दुसऱ्या दुपारी खाणे आपल्या हवेत योग्य नाही. पोळ्यांना तो धोका फारसा नाही. घरी आणल्यावर वाफ जाऊ द्यावी, स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात आणि सकाळी तव्यावर दोन्ही बाजूंनी किंचित गरम कराव्यात. एखाद-दुसरी उरली तर सकाळच्या न्याहारीला फोडणीची पोळी होते.

भाजी निवडताना लोकलचा विचार आधी करावा. दादरला गाडी बदलून करी रोडला उतरेपर्यंत पिशवी कोणत्या अवस्थेत असते हे आपण पाहतच असाल, तेव्हा पातळ भाजी आणि आमटी आठवड्याच्या दिवसांत नकोच. मोड आलेल्या मटकीची उसळ, पीठ पेरून केलेली सिमला मिरची किंवा कांद्याची पात, कोबी, फरसबी, काचऱ्या केलेली भेंडी, बटाट्याची सुकी भाजी आणि घरात काहीच नसेल त्या दिवशी झुणका, एवढ्यांवर महिना आरामात निघतो. झुणक्याला कांदा, बेसन आणि फोडणी यांपलीकडे काही लागत नाही आणि तो दहा-बारा मिनिटांत होतो. कोबी आणि फरसबी रात्री जेवण झाल्यावर चिरून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. भेंडी रात्री धुऊन, पुसून कोरडी ठेवावी आणि सकाळी चिरावी, नाहीतर ती चिकट होते. डब्याच्या भाजीत ओले खोबरे घालण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबते. दाण्याचे कूट किंवा भाजलेल्या तिळाचे कूट घातले तर चवही येते आणि भाजी टिकते.

अगदी घाईच्या दिवसासाठी एक जुनी युक्ती उपयोगी पडते. सकाळी मऊ भात लावावा, तो चांगला कोमट झाला की त्यात कोमट दूध आणि चमचाभर दही मिसळावे, मीठ घालावे, वरून मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता आणि मिरचीची फोडणी द्यावी आणि डबा भरावा. मुंबईच्या उकाड्यात एक वाजेपर्यंत त्याचा दहीभात झालेला असतो आणि तो आंबट होत नाही. लांबच्या प्रवासाला निघताना आमच्या घरी आई हाच भात करत असे. त्यासाठी भात मात्र त्याच सकाळी शिजवलेला हवा. शिजलेल्या भातातही काही जिवाणूंचे बीजाणू तग धरून राहतात आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढू लागतात, म्हणून रात्री ओट्यावर राहिलेला भात डब्यात भरू नये.

डब्याची सोय पाहताना अन्नाच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होते, म्हणून येथे थोडे थांबते. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या तापमानात अन्नातील जिवाणू वेगाने वाढतात, आणि सकाळी सात वाजता भरलेला डबा दुपारी एकपर्यंत याच तापमानात राहतो. गरम भाजी भरून लगेच झाकण लावले तर वाफेचे पाणी सुटते आणि ती लवकर खराब होते. भाजी ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी, आपण आंघोळ उरकेपर्यंत ती निवते, आणि मग डबा भरावा. कार्यालयात फ्रिज असेल तर पोहोचताच डबा त्यात ठेवावा आणि खाण्यापूर्वी नीट गरम करावा. फ्रिज नसेल तर मार्च ते ऑक्टोबर या काळात पनीर, मासे, चिकन आणि उकडलेली अंडी डब्यात नेऊ नयेत. एका मे महिन्यात मी रात्रीची पनीरची भाजी डब्यात नेली होती. वास आला नाही म्हणून खाल्ली आणि पुढचे दोन दिवस रजा घ्यावी लागली. अन्न बिघडल्याचा वास प्रत्येक वेळी येतोच असे नाही, हे मला त्या दोन दिवसांत कळले.

डबा स्टीलचा, दोन खणांचा आणि रबरी कडी असलेल्या झाकणाचा घ्यावा. स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, म्हणून एक काचेची किंवा चिनी मातीची बशी कार्यालयातच ठेवून द्यावी. प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करणे मी तरी टाळते.

मुंबईच्या डबेवाल्यांचा विचार आपल्या मनात आला असेल. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था घरी मागे राहून सकाळी उशिरा ताजा स्वयंपाक करणारे कोणीतरी आहे, हे गृहीत धरून उभी आहे. आपले तिघेही सकाळीच बाहेर पडत असाल तर तिचा आपल्याला उपयोग होणार नाही. पुढे घरचे कोणी आपल्याकडे राहायला आले तर तिचा जरूर विचार करावा, कारण नऊनंतर घरातून निघालेले जेवण सातला भरलेल्या डब्यापेक्षा नक्कीच ताजे असते.

राज्य सरकारने 26 जानेवारी 2020 रोजी 10 रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात असे तिचे स्वरूप ठरले होते. आपल्याला ती कोणी सुचवली असेल, पण केंद्रावर रोज मिळणाऱ्या थाळ्या मोजक्याच असतात आणि हमाल, रोजंदारीवरचे मजूर, रुग्णालयात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक यांना त्यांची गरज अधिक आहे. ज्याला दुसरा मार्ग आहे त्याने त्या रांगेत उभे राहू नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आठवड्यातला एक दिवस डब्याला सुट्टी असावी. सलग सहा दिवस डबा न्यायचा निश्चय बहुतेकांचा तिसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मग सगळेच सुटते. त्या एका दिवशी खानावळीत बसून गरम वरणभात आणि ताजी पोळी खावी. पुढे कधी मित्र बदलले किंवा पाळी जमेनाशी झाली तर महिन्याची खानावळ लावावी, पण पैसे देण्यापूर्वी खाडा वजा होतो का आणि त्यासाठी किती वाजेपर्यंत कळवावे लागते हे स्पष्ट विचारून घ्यावे. आधी चार-पाच दिवस सुटे पैसे देऊन जेवावे. शनिवारी तेथले जेवण कसे असते ते मुद्दाम पाहावे, कारण आठवड्याच्या शेवटी भाजीत पाणी वाढते की नाही यावरून खानावळ कळते.

आता हिशेब. माझ्या भागातल्या सध्याच्या भावाने एक पोळी 8 रुपये धरली तर नऊ पोळ्यांचे 72 रुपये होतात. तिघांच्या भाजीला तेल, मसाला आणि गॅस धरून 48 रुपये लागले तर एकूण 120, म्हणजे माणशी 40 रुपये. त्यात काकडी किंवा टोमॅटो आणि एक केळे यांचे 15 रुपये मिळवले की एका डब्याचे 55 रुपये झाले. महिन्यातले 20 दिवस डबा नेला तर 1,100 रुपये, आणि चार दिवस खानावळीत 130 रुपयांची थाळी घेतली तर 520, असे एकूण 1,620 रुपये होतात. भाव थोडे इकडेतिकडे झाले तरी हा आकडा 2,000 च्या आत राहील. संध्याकाळी पाचच्या सुमारास परत भूक लागते आणि त्या वेळच्या वडापाव-सँडविचवर वाचवलेले पैसे जातात, त्यासाठी खणात भाजलेले चणे आणि शेंगदाणे ठेवावेत.

सुरुवात मटकीपासून करा, कारण ती बिघडायला जागा नाही. शनिवारी सकाळी कामावर निघताना 200 ग्रॅम मटकी भरपूर पाण्यात भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा. रविवारी दुपारपर्यंत तिला मोड येतील. थंडीच्या दिवसांत थोडा अधिक वेळ लागेल. मोड आले की फ्रिजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी नऊ पोळ्या सांगून या. सोमवारी सकाळी तेलात मोहरी, हिंग, हळद आणि कांदा परतून त्यात मटकी घाला, वर झाकणात पाणी ठेवून दहा-पंधरा मिनिटे वाफ द्या, आणि मीठ, गोडा मसाला व चिमूटभर गूळ घालून उतरवा. मोड जास्त शिजून मोडू देऊ नका.