‘आई, तूच कर’

“प्रयोगाला बसवलं की दोन मिनिटांत उठतो.” “हस्तकलेचं सगळं सामान आणलं, पण शेवटी कापणं-चिकटवणं मीच करत बसते.” चार ते सात वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न मला आता आधीच ऐकू येतो: याचं लक्ष कशातच लागत नाही, काही दोष तर नसेल ना?

एका आईबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी एकत्र गुंफल्या आहेत. मुलगा पाच वर्षांचा. आई हौशी आणि मेहनती. रविवारचा प्रयोग शनिवारी रात्रीच ठरवून ठेवणारी.

“काल ज्वालामुखी केला,” ती म्हणाली. “मी अर्धा तास पुठ्ठ्याचा डोंगर रंगवला. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं, फेस आला, संपलं. तो म्हणाला ‘परत’. मी म्हटलं, आधी हा फेस कशामुळे आला ते ऐक. तर उठूनच गेला.”

“तुम्ही डोंगर रंगवत होतात तेव्हा तो काय करत होता?”

“काही नाही हो. कपातलं पाणी बाटलीत, बाटलीतलं वाटीत. नुसता सांडत होता.”

अर्धा तास! ज्याचं लक्ष लागत नाही तो मुलगा अर्धा तास एकच काम करत होता. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या विचारांचा अभ्यास करताना स्वतःच्या तीन मुलांनाही न्याहाळलं, आणि हेच पाणी त्यांनी अनेक मुलांसमोर ठेवलं. पसरट भांड्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतलं की पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना ते वाढलंय असंच वाटतं. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास ‘ते तेवढंच आहे’ हे उमगू लागतं. मी पियाजेंच्या विचारांवर वाढलेली आहे, त्यामुळे सांडलेलं पाणी मला पसारा वाटत नाही. आईला मात्र हे मी लगेच सांगितलं नाही. सांगून पटलं असतं, पण दिसलं नसतं.

नंतरच्या एका भेटीत ती फुलपाखराबद्दल बोलली. कागदाचं, त्याने केलेलं. एक पंख वाकडा चिकटला होता. तो झोपल्यावर तिने हळूच सोडवून सरळ लावला. सकाळी त्याने बघितलं आणि म्हणाला, “हे माझं नाही.”

“तेव्हापासून काहीही काढलं की ‘आई, तूच कर’ म्हणतो,” असं सांगताना तिचा आवाज बदलला. दोन्ही गोष्टींची जोड तिची तिनेच लावली. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं मला आजही समाधान आहे.

पुढच्या वेळी मुलाला बोलावलं. पसरट घमेल्यात पाणी आणि लिंबाएवढा तेलकट खेळमातीचा गोळा, जी पाण्यात विरघळत नाही. आईला एकच विनंती केली: हात मांडीखाली ठेवून बसायचं, आणि त्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

गोळा टाकला, बुडाला. त्याने काढला, चपटा केला. तिरका होत तळाला गेला. आईचा खांदा हलला. मी मान हलवून थांबवलं. त्याने अंगठ्याने मध्ये खळगा केला. ते क्षणभर तरंगलं, एका बाजूने पाणी आत शिरलं आणि बुडालं. मग तो बराच वेळ नुसता बघत राहिला. एरवी अशाच वेळी मोठी माणसं बोलून टाकतात. मग त्याने कडा चिमटीत धरून गोल फिरवत उंच केल्या, जीभ दातांत धरून. सोडलं. तरंगलं.

“आई, पोटात पाणी गेलं की बुडतं. पोटात हवा असली की नाही!”

माती तेवढीच, वजन तेवढंच; पण वाटीसारखा आकार जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून पाणी त्याला पेलतं. आर्किमिडीजचं तत्त्व त्याने त्याच्या शब्दांत मांडलं होतं. आईने डोळे पुसले. म्हणाली, “मॅडम, मी किती वेळा मध्ये पडले असेन.”

सगळ्याच आईवडिलांना माझं सांगणं आहे की प्रयोग एकच घ्या आणि तो दहा वेळा होऊ द्या. ‘परत’ हा शब्द आला की तुमचा प्रयोग जमला. ‘का झालं?’ हे पाच वर्षांच्या मुलाला परीक्षेसारखं वाटतं; ‘आता काय होईल, सांग बरं?’ असं विचारा आणि मनात तीन आकडे मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांत पाहिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबले की मुलं जास्त सविस्तर उत्तरं देतात आणि मुलं स्वतः जास्त प्रश्न विचारतात. मदत द्यायची तर अडलेल्या पायरीपुरती द्या: कागद धरा, कापू त्याला द्या. वाकडा पंख वाकडाच राहू द्या.

एका बाबतीत मात्र हात मांडीखाली नकोत. बटण सेल आणि छोटी, ताकदवान चुंबकं लहान मुलांच्या प्रयोगात आणूच नका. गिळली गेली तर आतड्यांना, अन्ननलिकेला गंभीर इजा होते. आणि घमेल्यात चार बोटं पाणी असलं तरी लहानग्याला तिथे एकटं सोडू नका.

शेवटच्या भेटीनंतर काही आठवड्यांनी तिचा फोन आला. मातीच्या होडीत बारा गोट्या बसतात, तेरावीला ती बुडते, हे त्याने शोधून काढलं होतं. आता पुठ्ठ्याची होडी करायला घेतली होती.

“मी विचारलं, मदत करू का? तर म्हणाला, नको, फक्त कात्री दे.”