दोन हजार तासांचा लॅम्प चारशे तासांत गेला, विक्रेता हात वर करतो: काय करावे?

प्रश्न: मी नाटकांना आणि कार्यक्रमांना लाइट्स भाड्याने देतो. सोबत एक मदतनीस असतो. पाच महिन्यांपूर्वी मूव्हिंग हेडसाठी (मोटरने फिरणाऱ्या स्टेज-लाइटसाठी) २३० वॅटचे १२ डिस्चार्ज लॅम्प (वायूतून वीज जाऊन उजळणारे) घेतले. बॉक्सवर ‘सरासरी आयुष्य २००० तास’ असे छापले आहे. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दोन हजार तास चालतील, काळजी नको’ असेही लिहिले होते. ३१० ते ४५० तासांच्या दरम्यान चार लॅम्प गेले. त्यातला एक फुटला आणि फिक्स्चरचा, म्हणजे लॅम्प ज्यात बसतो त्या लाइटचा, रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा आरसा) तडकला. विक्रेता म्हणतो, व्होल्टेज जास्त आले असेल, आणि बिलाच्या तळाशी ‘लॅम्पवर वॉरंटी नाही’ असे छापलेच आहे. गेलेले लॅम्प तो परत घेत नाही, भंगारवाला न्यायला तयार आहे. मला काय करता येईल?

उत्तर: आधी एक गोष्ट सांभाळा. चारही लॅम्प भंगारात देऊ नका आणि ‘कंपनीत तपासायला पाठवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या हातातही पोचपावतीशिवाय ठेवू नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक आयोग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. लॅम्पच नसेल तर पाठवणार काय? प्रत्येक लॅम्प त्याच्या मूळ खोक्यात ठेवा. वर फिक्स्चरचा क्रमांक, लॅम्प-तास, गेल्याची तारीख आणि लॅम्पच्या बेसवरचा बॅच कोड लिहा. फुटलेल्याचे तुकडे झाकणाच्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करा.

आता तासांकडे. ‘सरासरी आयुष्य २००० तास’ याचा अर्थ असा की, ठरलेल्या चाचणी-परिस्थितीत मोठ्या संख्येने लॅम्प लावले तर तेवढ्या तासांनी त्यातले निम्मे गेलेले असतात. प्रत्येक लॅम्प तेवढा चालेलच, अशी ती हमी नाही. त्यामुळे एखादा लॅम्प १२०० तासांत गेला असता, तर तुमच्या हाती फारसे काही नसते. पण आयुष्याचा चौथा हिस्साही संपण्याआधी बारापैकी चार जाणे हा नशिबाचा भाग नाही. चौघांमागे काहीतरी समान कारण आहे. ते लॅम्पमध्ये आहे की तुमच्या फिक्स्चरमध्ये, एवढाच खरा वाद आहे.

तो सोडवायची सोपी रीत आहे. चारही लॅम्प एक-दोन फिक्स्चरमध्येच गेले असतील, तर पंखा, फिल्टर किंवा बॅलास्टकडे (लॅम्पला वीज नियंत्रित करून देणाऱ्या भागाकडे) बोट जाते आणि तुमची बाजू लंगडी पडते. वेगवेगळ्या फिक्स्चरमध्ये गेले, पण बॅच कोड एकच असेल, तर ओझे विक्रेत्याकडे सरकते. लॅम्प नीट पाहा. क्वार्ट्झचा, म्हणजे लॅम्पच्या उष्णतारोधक काचेचा, फुगा फुगला असेल तर तो जास्त तापला असावा. बोटांचे ठसे राहिले असतील तर त्या जागी पांढुरके, दुधाळ डाग येतात. सीलमधली मॉलिब्डेनमची पत्ती काळवंडली असेल तर सील तापल्याची शक्यता धरा. यातले काहीच नसताना सीलपाशी तडा असेल, तर उत्पादनदोषाचा संशय बळावतो. हे अनुमान आहे, शिक्कामोर्तब प्रयोगशाळाच करेल. पण नोटीस लिहिण्याआधी तुम्हाला स्वतःला हे कळायला हवे.

व्होल्टेजचा बचाव हॅलोजनला (तार तापून उजळणाऱ्या लॅम्पला) लागू पडतो. तिथे ५ टक्के व्होल्टेज वाढले तरी आयुष्य जवळपास निम्मे होते. तुमच्या मूव्हिंग हेडमध्ये इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट असेल, तर तो त्याच्या मर्यादेतल्या व्होल्टेजला लॅम्पची शक्ती स्थिर ठेवतो. फिक्स्चरच्या मॅन्युअलमधली व्होल्टेजची मर्यादा नोटिशीत उतरवा. मॅग्नेटिक बॅलास्ट असेल, तर मात्र हा बचाव टिकू शकतो.

खरा कमकुवत दुवा वेगळाच असतो. प्रयोग संपल्या संपल्या कुणीतरी मेन स्विच पाडतो, किंवा जनरेटर मध्येच बंद पडतो. लॅम्प तापलेला, पंखा बंद, आणि मग गरम लॅम्प पुन्हा पेटवायची घाई. लॅम्प बंद करण्याची कमांड देऊन पंखा मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ चालू ठेवायचा असतो. विक्रेत्याचा वकील नेमके हेच विचारील. म्हणून फिक्स्चरच्या मेनूतले लॅम्प-तास आणि लॅम्प किती वेळा पेटला ते आकडे, दोन्हींचे फोटो आजच काढा. तास कमी आणि पेटवण्याचे आकडे बेसुमार असतील, तर तो मुद्दा तुमच्या विरोधात जाईल. मेनूतला काउंटर शून्यावर आणता येतो. नवा लॅम्प बसवताना आणण्याआधी फोटो घेतलाच पाहिजे. हे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्रही द्या.

ग्राहक म्हणून तुम्हाला दार उघडे आहे का? ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम २(७) व्यापारी हेतूने खरेदी करणाऱ्याला वगळते. पण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीच वापरलेली वस्तू त्या वगळणीत येत नाही. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक-दोन मदतनीस असले तरी हे संरक्षण जात नाही, असे सांगितले आहे. तुम्ही स्वतः लाइट्स लावता आणि चालवता, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. उद्या दहा माणसांचा व्यवसाय झाला, तर हा मार्ग बंद होऊ शकतो. मग माल विक्री कायदा, १९३० च्या आधारे दिवाणी दावा आणि ३ वर्षांची मुदत. ग्राहक आयोगासाठी मुदत २ वर्षे आहे आणि ती पहिला लॅम्प गेल्याच्या तारखेपासून धरून चाला.

‘वॉरंटी नाही’ ही छापील ओळ तितकी भक्कम नाही. माल विक्री कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे गर्भित अटी (न बोलताही कायद्याने सौद्यात धरल्या जाणाऱ्या) स्पष्ट कराराने, दोघांमधल्या व्यवहाराच्या रीतीने किंवा दोघांवर बंधनकारक अशा प्रथेनेच दूर सारता येतात. सौदा ठरताना न सांगता नंतर बिलावर आलेली ओळ म्हणजे करार, असे मी मानत नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘दोन हजार तास चालतील’ हे स्पष्ट आश्वासन आहे. ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) मध्ये, पुरेशी चाचणी नसताना वस्तूच्या आयुष्याची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चाचणी झाली होती असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे असते. तुमच्या हातातले सर्वांत धारदार कलम हेच आहे.

रिफ्लेक्टरचे नुकसान वेगळे मांडा. दोषयुक्त वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेची हानी झाली, तर उत्पादन-दायित्वाखाली (सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या जबाबदारीखाली) भरपाई मागता येते. रद्द झालेल्या कार्यक्रमांचे उत्पन्न त्यात बसत नाही. ते आकडे फुगवून घातले, तर आयोगाचा विश्वास उडतो. मागणी अशी ठेवा: चार लॅम्प बदलून द्यावेत किंवा पैसे परत करावेत, रिफ्लेक्टरचा खर्च आणि तक्रारीचा खर्च. स्पीड पोस्टने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत ठेवा. विक्रेत्याबरोबर उत्पादक किंवा आयातदारालाही पक्षकार करा. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यातही करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

भंगारवाल्याबद्दल. डिस्चार्ज लॅम्पमध्ये पारा असतो आणि ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या यादीत पारायुक्त दिवे आहेत. वर्षात यादीतली हजार किंवा अधिक उपकरणे वापरणाऱ्या ‘मोठ्या ग्राहकाला’ असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावा लागतो. तुम्ही त्या मर्यादेत नसलात तरी हाच रस्ता धरा. भंगारात लॅम्प फोडून धातू काढतात आणि पारा तिथे काम करणाऱ्यांच्या श्वासात जातो. लॅम्प फुटलाच तर खिडक्या उघडा. व्हॅक्यूम क्लीनर किंवा झाडू नको, जाड कागदाने तुकडे गोळा करा. हॅलोजनमध्ये पारा नसतो, पण त्याचे क्वार्ट्झही बाटल्यांच्या काचेत टाकू नये, ते त्या भट्टीत वितळत नाही.

विक्रेता तडजोडीला आला, तर दोन गोष्टी लेखी घ्या. बदललेल्या लॅम्पचे तास शून्यापासून मोजले जातील का, आणि गेलेले लॅम्प परत कोण घेणार. त्यावर सही होईपर्यंत ते चार खोके तुमच्याच कपाटात राहू द्या.