टीममध्ये कधी खटके उडाले का? असं विचारलं तर सांगू काय?

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात एका इंटरव्ह्यूला गेले होते, बाकी सगळं नीट चाललं होतं पण मध्येच त्यांनी विचारलं की टीममध्ये कोणाशी मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि मी पटकन बोलून गेले की असं कधी झालंच नाही, मी टीम प्लेयर आहे. पुढे त्यांनी त्यावर काही विचारलंच नाही. नोकरी गेली हातची. आता परत इंटरव्ह्यू आलाय, अनुभव दोनच वर्षांचा, मोठं काही घडलेलं नाही. काय सांगू?

उत्तर : अगं, चार माणसं एकत्र काम करतात तिथे कुरबुरी होणारच, हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. "झालंच नाही" म्हटलंस की त्याला वाटतं एकतर ही लपवतेय, नाहीतर हिने कधी तोंडच उघडलं नाही.

त्यांना विशेषणं नको असतात, प्रसंग हवा असतो. दुसऱ्या महायुद्धात जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांच्या बाबतीत हेच केलं, माणूस कसा आहे हे न विचारता नेमकं काय घडलं आणि तो कसा वागला ते गोळा केलं आणि १९५४ साली ती पद्धत लिहून काढली. आजचे हे प्रश्न त्याच वळणाचे आहेत.

आणि प्रसंग मोठा लागत नाही गं. समज, रिपोर्ट पाच तारखेला जायचा आणि सहकारी आकडे चार तारखेच्या संध्याकाळी द्यायचा. तू दोनदा चिडून मेल टाकलेस, काही फरक पडला नाही. मग त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलीस तेव्हा कळलं की त्यालाच आकडे दुसऱ्या डिपार्टमेंटकडून उशिरा येतात, मग बाकीची शीट तू आधीच भरून ठेवायला लागलीस, शेवटचे दोन कॉलम तेवढे राहायचे, आणि रिपोर्ट वेळेत जायला लागला. बस, एवढं पुरे! चिडल्याचंही सांग, लपवू नकोस, सहकाऱ्याला मात्र नावं ठेवू नकोस.

यात "आम्ही चर्चा करून मार्ग काढला" असं म्हणालीस तर सगळं पाण्यात. तू काय केलंस ते कळलंच नाही ना! टीमचं श्रेय टीमला दे, पण स्वतःच्या वाटणीचं काम "मी" म्हणूनच सांग. परिस्थिती दोन वाक्यांत उरक, जास्त वेळ तू काय केलंस त्यावर दे, शेवटी काय झालं ते सांग, साधारण दोन मिनिटांत आटप.

"बॉस चुकतोय असं वाटलं तर काय कराल" असे जर-तरचे प्रश्नही येतात. तिथे आधी एकट्यात विचारेन, माझ्याकडची माहिती दाखवेन, तरी निर्णय तोच राहिला आणि त्यात गैर काही नसेल तर मनापासून काम करेन, असं सरळ सांग.

नेटवरून पाठ केलेला किस्सा अजिबात नको. "तो त्यावर काय म्हणाला?" एवढं विचारलं तरी अडकशील. आज रात्री जुने मेल उघडून बस, तीन तरी प्रसंग सापडतील, आणि ते मोठ्याने बोलून बघ.