कीथ हॅरिंग यांची चित्रे आज कालबाह्य झाली आहेत का?

आपण विचारले आहे की, रस्त्यावरच्या कलेचे एक अग्रणी मानले जाणारे कीथ हॅरिंग यांच्या कामाला आज काही अर्थ उरला आहे का, की ती नाचणारी माणसे, भुंकणारे कुत्रे आणि किरणांनी वेढलेले रांगते बाळ आता टी-शर्ट आणि कॉफीच्या मगांपुरतेच राहिले आहे. माझ्या मते अर्थ नक्कीच उरला आहे, परंतु ज्या चित्रांमुळे ते घराघरांत ठाऊक आहेत, त्या चित्रांत तो सर्वांत कमी आहे. जी चिन्हे त्यांनी सर्वांसाठी आणि सर्व काळासाठी म्हणून घडवली, ती ओळखीची झाली आणि ओळखीनेच बोथट झाली. याउलट, एका विशिष्ट जागी, एका विशिष्ट संकटाविषयी आणि डोळ्यांसमोरच्या माणसांना उद्देशून त्यांनी जे काढले, ते त्या वेळी तात्पुरते वाटत असूनही आज अधिक जिवंत आहे.

हॅरिंग १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकायला आले. तेथील भुयारी रेल्वेच्या फलाटांवर एखाद्या जाहिरातीची मुदत संपली आणि दुसरी मिळाली नाही, की त्या फलकावर बिनचकाकीचा काळा कागद चिकटवला जात असे. हॅरिंग यांनी हे कागद हेरले आणि १९८० पासून पुढे सुमारे पाच वर्षे त्यांवर पांढऱ्या खडूने हजारो रेखाटने केली. एकेक रेखाटन काही मिनिटांत संपवावे लागे, कारण पोलीस केव्हाही येऊ शकत आणि ते अनेकदा आलेही. मी चित्रकला शिकवतो, आणि एकदा वर्गात भिंतीला काळा कागद लावून विद्यार्थ्यांना सांगितले की, माणसाची संपूर्ण बाह्याकृती खडू न उचलता एका दमात काढा. बहुतेकांचा हात काखेच्या वळणावर थबकला आणि थबकल्या जागी खडूची जाड गाठ पडली. ती पुसायला गेल्यावर जो राखाडी डाग उरला, तो मूळ चुकीपेक्षाही ठळक होता. हॅरिंग यांची रेषा पाहणाऱ्याला बाळबोध वाटते, पण तिच्यात अशी गाठ जवळजवळ कुठेही सापडत नाही. गर्दीत उभे राहून, पाठीमागे कोण येत आहे याचे भान ठेवून काढलेली ती रेषा आहे, आणि हे कौशल्य जुने होण्यातले नाही.

रेषा टिकली, तिचा प्रसंग मात्र टिकला नाही. ही रेखाटने जाहिरातींच्या रांगेत असत. एका बाजूला सिगारेट, दुसऱ्या बाजूला नवा चित्रपट, आणि मध्ये काहीही विकत नसलेले, सही नसलेले चित्र. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला ते फुकट मिळत होते आणि नवी जाहिरात लागली की नाहीसे होत होते. पुढे हॅरिंग प्रसिद्ध झाले, लोक ते कागद सोलून नेऊन विकू लागले, आणि त्यांनी हे काम थांबवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशी ३१ रेखाटने लिलावात ९० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. ती जपली गेली याचा मला आनंदच आहे, पण काचेमागच्या त्या कागदाच्या शेजारी आता सिगारेटची जाहिरात नाही, आणि तिच्याशिवाय त्या चित्राचे अर्धे म्हणणे हरवते. शिवाय आज अनेक ठिकाणी कागदी फलकांच्या जागी पडदे आले आहेत; त्यांवर एक जाहिरात संपली की त्याच क्षणी दुसरी सुरू होते आणि काळा कागद लावण्याची वेळच येत नाही. म्हणून ही कृती कोणी पुन्हा करू म्हटले तरी ती आता होणार नाही.

अग्रणी कलावंताच्या वाट्याला आणखी एक अन्याय येतो, तोही येथे नोंदवायला हवा. त्याने जे पहिल्यांदा केले, ते पुढच्यांनी इतक्या वेळा केलेले असते की नंतर पाहणाऱ्याला मूळ चित्रच नकलेसारखे दिसते. अर्थात हॅरिंगही काही मोकळ्या मैदानात उतरले नव्हते. त्यांच्या आधी टाकी १८३ या टोपणनावाने शहरभर सह्या करणाऱ्या मुलाची बातमी १९७१ मध्येच वर्तमानपत्रात आली होती, आणि ज्याँ-मिशेल बास्किया व अल डियाझ हे सेमो या नावाने भिंतींवर वाक्ये लिहीत होते.

आता ज्या कामांमुळे माझे मत बनले, त्यांच्याकडे वळतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका हँडबॉल कोर्टाच्या भिंतीवर हॅरिंग यांनी १९८६ च्या जूनमध्ये, कोणाचीही परवानगी न घेता, नारिंगी पार्श्वभूमीवर जाड काळ्या रेषेत सांगाडे आणि त्यांच्या तावडीत सापडलेली माणसे रंगवली आणि वर ‘क्रॅक इज वॅक’ असे लिहिले. क्रॅक म्हणजे ओढण्याजोगे, स्वस्त कोकेन, आणि वॅक म्हणजे बोलीभाषेत वाईट, टाकाऊ. क्रॅक तेव्हा शहर पोखरत होते आणि हॅरिंग यांच्या स्टुडिओतील एक तरुण साहाय्यकही त्याच्या आहारी गेला होता. पोलिसांनी त्यांना पकडले. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर त्या भिंतीची चर्चा झाली, आणि प्रकरण किरकोळ दंडावर मिटले. नंतर कोणीतरी मजकूर बदलून ते चित्र क्रॅकच्या बाजूचे करून टाकले, त्यामुळे त्यावर सपाट रंग फासला गेला, आणि अखेर शहराच्या उद्यान विभागानेच हॅरिंग यांना ती भिंत पुन्हा रंगवायला सांगितली. ऑक्टोबर १९८६ मध्ये रंगवलेले ते दुसरे चित्र, २००७ आणि २०१९ मधील डागडुजीनंतर, आजही तिथे आहे.

केवळ घोषवाक्य घेतले, तर ते जुने झाले आहे हे मी मान्य करतो. पण त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत अमली पदार्थविरोधी जो कायदा झाला, त्यात विक्रीसाठी ५ ग्रॅम क्रॅक बाळगणाऱ्याला ५०० ग्रॅम पूड कोकेनच्या गुन्ह्याइतकीच, म्हणजे किमान पाच वर्षांची, शिक्षा ठरली; क्रॅक प्रामुख्याने गरीब, काळ्या वस्त्यांत पोहोचलेले असल्यामुळे तुरुंगही त्याच वस्त्यांतील माणसांनी भरले. हे १००:१ चे प्रमाण २०१० मध्ये १८:१ वर आणले गेले, तरी बरोबरी झाली नाही. हा इतिहास ठाऊक असलेला माणूस त्या भिंतीसमोर उभा राहतो, तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात येते: संसदेने व्यसनी माणसाला गुन्हेगार ठरवले त्याच महिन्यात रंगवलेल्या या चित्रात दैत्याचे रूप त्या पदार्थाला दिले आहे आणि माणूस त्याची शिकार म्हणून दाखवला आहे. १९८६ मध्ये हा फरक फारसा कोणाला दिसला नसावा. आज तो ठळकपणे दिसतो. चित्र तेच आहे, आपले वाचन बदलले आहे, आणि बदललेले वाचन पेलण्याइतके ते भक्कम निघाले.

याहून अधिक अस्वस्थ करणारे उदाहरण एका कॅनव्हासचे आहे, परंतु त्याचा विषय फलाटावरचाच आहे. मायकल स्टुअर्ट हा २५ वर्षांचा काळा तरुण १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे भुयारी रेल्वेच्या फर्स्ट अव्हेन्यू स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपाखाली पकडला गेला, पोलिसांच्या ताब्यात असतानाच बेशुद्ध झाला आणि २८ सप्टेंबरला मरण पावला. खटला चाललेले सहाही पोलीस नोव्हेंबर १९८५ मध्ये निर्दोष सुटले. ज्यूरीत एकही काळी व्यक्ती नव्हती. बास्किया यांनी या मृत्यूचे चित्र हॅरिंग यांच्या स्टुडिओच्या भिंतीवरच रंगवले. हॅरिंग यांनी पुढे भिंतीचा तेवढा तुकडा कापून सोनेरी चौकटीत बसवला आणि तो अखेरपर्यंत त्यांच्या पलंगाच्या वर टांगलेला होता. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःही स्टुअर्टचे मोठे चित्र केले: मध्यभागी गळा आवळला जात असलेला काळा माणूस, आजूबाजूला डोळे झाकून घेतलेले लोक, आणि रक्तात बुडणारी गर्दी. हॅरिंग गोरे होते. त्याच फलाटांवर, त्याच आरोपाखाली ते कितीतरी वेळा पकडले गेले आणि दर वेळी घरी परतले, आणि हा फरक कशामुळे पडला हे त्यांना पुरते ठाऊक होते, असे ते चित्र पाहून मला वाटते. त्यानंतरच्या चार दशकांत अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. त्या चित्रावरची तारीख झाकून ते कोणाला दाखवले, तर तो १९८५ हे वर्ष सांगू शकणार नाही.

बर्लिनची गोष्ट उलट आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांनी चेकपॉइंट चार्ली या पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या तपासणी नाक्याजवळ बर्लिनच्या भिंतीचा लांबलचक भाग पिवळा रंगवून त्यावर एकमेकांचे हातपाय धरलेल्या लाल आणि काळ्या माणसांची साखळी काढली. हे तिन्ही रंग दोन्ही जर्मनींच्या झेंड्यांतले. ते चित्र लगेचच इतरांच्या रंगाखाली गेले, आणि ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंतीचाही पाडाव झाला. तो दिवस पाहायला हॅरिंग हयात होते, आणि मागितलेले मिळाल्यामुळे एखादे चित्र कालबाह्य झाले, तर त्याबद्दल खंत वाटण्याचे कारण नाही.

एड्सविषयीच्या चित्रांबाबत असे म्हणता येत नाही. १९८८ मध्ये त्यांना स्वतःला एड्स असल्याचे निदान झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये बार्सिलोनाच्या राव्हाल भागात, जिथे नशेच्या सुया रस्त्यांवर पडलेल्या असत, त्यांनी एका मोडकळीला आलेल्या भिंतीवर केवळ लाल रंगात प्रचंड सर्प, सुई आणि माणसे काढली आणि ‘आपण सगळे मिळून एड्स थांबवू शकतो’ असे स्पॅनिशमध्ये लिहिले. ती भिंत पुढे पाडली गेली, पण त्याआधी चित्राचा छाप घेऊन ठेवला होता, आणि २०१४ मध्ये तेथील समकालीन कला संग्रहालयाजवळ ते पुन्हा रंगवले गेले. त्याच वर्षीच्या, म्हणजे १९८९ च्या, पोस्टरवर तीन पिवळी माणसे आहेत: एकाने डोळे झाकले आहेत, दुसऱ्याने कान, तिसऱ्याने तोंड, आणि तिघांच्याही छातीवर गुलाबी फुली आहे. वर लिहिले आहे की अज्ञान म्हणजे भय, आणि खाली, मौन म्हणजे मृत्यू. १९९६ पासून आलेल्या संयुक्त औषधोपचारामुळे एचआयव्ही असलेला माणूस आज दीर्घायुष्य जगू शकतो. तरीही जगभरात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसे एड्सशी संबंधित आजारांनी मरतात, आणि तपासणीला जाण्याची लाज हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. औषधे आली, पण चेहऱ्यावरचे हात अजून खाली आले नाहीत, म्हणून ते पोस्टर मी इतिहासाच्या कप्प्यात टाकू शकत नाही.

टी-शर्टविषयी थोडे. त्यांच्या मृत्यूनंतर कोणी बाजार मांडला, असे समजणे चुकीचे ठरेल. १९८६ मध्ये त्यांनी स्वतःच मॅनहॅटनमध्ये पॉप शॉप हे दुकान उघडले, कारण कॅनव्हास घेऊ न शकणाऱ्यांच्या हातीही आपले चित्र जावे अशी त्यांची इच्छा होती, आणि १९८९ मध्ये स्थापन केलेली त्यांची संस्था आजही मुलांसाठीच्या आणि एड्सविषयीच्या कामाला पैसा पुरवते. या व्यवहारात मला लबाडी दिसत नाही. फक्त, छातीवर छापलेले बाळ कोणालाच काही विचारत नाही, आणि हार्लेमची भिंत विचारते.

हॅरिंग १६ फेब्रुवारी १९९० रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी गेले. आदल्या वर्षी त्यांनी ‘अनफिनिश्ड पेंटिंग’ नावाचा एक चौकोनी कॅनव्हास केला होता. त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जांभळ्या रंगावर पांढऱ्या-काळ्या आकृत्यांची गच्च वीण आहे, आणि उरलेला कॅनव्हास जवळजवळ कोरा आहे. २०२३ च्या अखेरीस कोणीतरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तो कोरा भाग भरून चित्र ‘पूर्ण’ केले आणि इंटरनेटवर टाकले, तेव्हा असंख्य लोक मनापासून संतापले, कारण अकाली तुटलेली आयुष्ये दाखवणारी रिकामी जागाच त्यात बुजवली गेली होती. ज्या कलावंताचे काम संपले आहे, त्याच्या कोऱ्या कॅनव्हाससाठी तेहतीस-चौतीस वर्षांनंतर कोणी भांडत नाही. आपण टी-शर्टवरून हॅरिंगपर्यंत आला असाल, तर पुढचे चित्र म्हणून मी हेच सुचवीन. ते मोठ्या आकारात उघडून, जिथे वीण थांबते त्या कडेपासून जांभळ्या रंगाचे ओघळ खाली कुठवर गेले आहेत, ते सावकाश पाहावे.