वसाहतीतल्या वृद्धांचं बीपी तपासणं हे करिअर होऊ शकतं का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोठ्या रुग्णालयात ती सहज लागेल असं तुम्ही धरून चालला होतात. पण कॉलेजतर्फे ती काही महिने कमी भाड्याच्या एका वसाहतीत वृद्धांच्या हृदय-तपासणीसाठी जात होती आणि आता तिला हेच काम करायचंय. ‘बीपीच मोजत बसायचं होतं तर चार वर्षं कशाला शिकली?’ असं तुम्ही लिहिलंय. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मोजण्याबद्दल. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर आधाराला, पट्टा दंडाच्या मापाचा. हात लोंबकळत ठेवला, पायावर पाय टाकला किंवा मध्येच गप्पा सुरू झाल्या तरी आकडा वर जातो, आणि त्या आकड्यावर कोणाची तरी गोळी वाढू शकते. वृद्धांचं बीपी उभं राहिल्यावरही घ्यावं लागतं. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. या वयात एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणसाचं हिंडणं-फिरणंच थांबू शकतं.

पण तुमच्या मुलीचं खरं काम बीपीचा आकडा कळल्यानंतर सुरू होतं. समजा, एका आजींचं बीपी 170 आलं. गोळ्या नियमित घेते, असं त्या ठामपणे सांगतात. पिशवी टेबलावर ओतायला सांगितली की त्यातून एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन पाकिटं निघतात. एक पाकीट जुन्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेलं. तिसरी गोळी महिनाभर पुरावी म्हणून दिवसाआड घेतली जाते. लघवीची गोळी तर बाहेर जायच्या दिवशी हमखास चुकवलेली असते, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. दवाखान्यातल्या घाईच्या तपासणीत हे सगळं बाहेर येणं कठीण. ओळखीच्या इमारतीत, ओळखीच्या नर्सपुढे माणूस ते सांगतो.

वसाहतीचंच महत्त्व का, तेही सांगते. एकाच इमारतीत बरेच वृद्ध, अनेक जण एकटे, उत्पन्न ठरलेलं, त्यातून भाडं आधी आणि औषध नंतर. लिफ्ट बंद असली की ज्याच्या पायाला सूज आहे, ज्याला दोन जिने उतरताना धाप लागते, नेमका तोच तळमजल्यावरच्या तपासणीला येत नाही. जे येतात त्यांची नोंद झाली म्हणजे कार्यक्रम झाला, असं मानणाऱ्या संस्थांबद्दल मला फारसा आदर नाही. न येणाऱ्यांची दारं वाजवणं हा या कामाचा गाभा आहे.

याने फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजला गेलाय. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वृद्धांच्या अनुदानित इमारतींत पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेवरचे प्रशिक्षित आरोग्यसेवक, दर आठवड्याला बसत. बीपी, मधुमेहाचा धोका, पडण्याचा धोका तपासत आणि गरज असेल तिथे कुटुंबाच्या डॉक्टरांना कळवत. 2018 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतर इमारतींतून महिन्याला दर 100 घरांमागे रुग्णवाहिकेसाठी सुमारे 4 फोन जात होते, या इमारतींतून सुमारे 3. त्याच प्रांतात अभ्यासातल्या 39 गावांपैकी 20 गावांत प्रशिक्षित स्वयंसेवकांनी औषधांच्या दुकानांत वृद्धांचं बीपी तपासण्याचा कार्यक्रम केला होता. 2011 च्या अहवालानुसार हृदयविकार आणि पक्षाघातासाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण त्या गावांत उरलेल्या गावांपेक्षा 9 टक्क्यांनी कमी राहिलं.

आणखी एक अभ्यास तिला आवर्जून वाचायला सांगा. तो वसाहतीतला नाही, लॉस एंजेलिसच्या 52 केशकर्तनालयांतला, तोही 2018 चा. काही दुकानांत न्हावी गिऱ्हाइकांना राहणी सुधारा, डॉक्टरांकडे जा, एवढंच सांगत. तिथे सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी 9 ने उतरलं. काही दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन, डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार, औषध सुरू करत आणि बदलत. तिथे ते 27 ने उतरलं. म्हणून नोकरी निवडताना तिने पहिला प्रश्न हाच विचारावा: बीपी जास्त आलं तर औषध कोण बदलतं आणि किती दिवसांत? समोरच्याला याचं नीट उत्तर देता आलं नाही, तर ती नोकरी तिने घेऊ नये.

आता तुमच्या काळजीचा भाग. पगार बहुतेकदा रुग्णालयापेक्षा कमी असतो. नेमणुका प्रकल्पावर, ठरावीक मुदतीच्या. निधी संपला की पुन्हा शोध. हे तिला स्पष्ट सांगा, मीही तेच सांगेन. म्हणून माझं मत असं, की तिने लगेच वसाहतीत जाऊ नये. दोनेक वर्षं हृदयविकार किंवा मेडिसिनच्या वॉर्डात काढावीत. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलेलं वजन, मोज्यांचे खोल वण, झोपायला एकाऐवजी तीन उशा लागणं, म्हाताऱ्या बाईला छातीत न दुखता फक्त थकवा आणि धाप येणं, हृदय बिघडत असल्याची ही लक्षणं तिथे इतकी नजरेखालून जातात की पुढे कोणाच्याही घरात उभ्या उभ्या ओळखता येतात. वसाहतीत तिच्या शेजारी डॉक्टर नसेल. तिथे नजरच कामी येते.

त्यानंतर सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. त्यात साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र मन लावून करावं, कारण कार्यक्रमाचा उपयोग आकड्यांत दाखवता आला तरच पुढचा निधी मिळतो, आणि हे जमणाऱ्या नर्सेस फार थोड्या आहेत. तिथून वाटा फुटतात: स्थानिक प्रशासनाचा आरोग्य विभाग, रुग्णालयांचे समाजाभिमुख विभाग, विद्यापीठांचे संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था. आकडेमोड तिला अजिबात आवडत नसेल तर वृद्धांच्या शुश्रूषेतलं विशेष प्रशिक्षण घ्यावं, तेही चालेल.

एक विनंती. पुढच्या खेपेला ती वसाहतीत जाईल तेव्हा तिथल्या लोकांची आणि तिच्या प्राध्यापकांची परवानगी घेऊन तुम्हीही सोबत जा आणि कोपऱ्यात बसून ती काय करते ते बघा. त्यानंतरही शंका राहिल्या तर दोघी मिळून लिहा. आणि तिची वॉर्डातली आवड-नावड कळवायला विसरू नका, म्हणजे कुठे अर्ज करायचे ते मला नेमकं सुचवता येईल.