पोरांच्या हाती पहिली गरी

नाताळच्या सुटीत तारकर्ली-देवबागला जाणारी बरीच कुटुंबं आता डॉल्फिन बघून परत न येता कर्ली खाडीत मुलांना गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे पकडायला, घेऊन जातात. होडी आणि ती चालवणारा तांडेल तिथलाच असतो, गरी-आमिषही बहुतेक तोच देतो. या फेरीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

मुलगी सहा वर्षांची, मुलगा दहाचा. खाडीत न्यावं की समुद्रात? किती वेळ? (एक पालक, कोथरूड)

खाडीतच. पहिल्या वेळी समुद्राचं नावही काढू नका. नांगरलेली होडी लाटेवर हेलकावते आणि चालत्या होडीपेक्षा जास्त मळमळतं ते तिथे. खाडीत पाणी संथ, गरवायच्या जागी खोली दोन ते चार मीटर. दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं टाकलं की लगेच तळाला लागतं, त्यामुळे काय चाललंय ते मुलाला हातात कळतं.

फेरी दोन तासांची ठरवा, त्यातला सव्वा तास गरवायला. सहाची मुलगी मोठ्यांच्या गुडघ्यांमध्ये बसून दोरी धरेल, आमिष तिला लावू देऊ नका. दहाचा मुलगा एकदा दाखवल्यावर सगळं करतो. सकाळी सात-साडेसातला निघा. हिवाळ्यात तेव्हा जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी शांत असतं. अकराच्या पुढे खारा वारा धरला की होडी नांगरावर फिरायला लागते आणि सगळ्यांच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात. खाडीच्या मुखाशी, जिथे ओहोटीचं पाणी समोरून येणाऱ्या लाटेला भिडतं, तिथे मुलांना घेऊन थांबूच नये. तांडेल स्वतःच टाळेल, पण तुम्ही हट्ट धरू नका.

तारीख कशी निवडावी? रिसॉर्टवाले म्हणतात, कधीही या. (ठाणे)

रिसॉर्टला कधीही चालतं, माशाला नाही. कॅलेंडरवरची तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण भरण्याची वेळ साधारण मिळते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे हाच आकडा. मालवणला भरती मुंबईच्या आधी, साधारण तासभर, त्यामुळे तेवढं वजा करा. खाडीत आत शिरावं तसा पुन्हा थोडा उशीर होतो. नेमकी वेळ तांडेलच सांगेल.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की हलकं शिसं तळाला टिकत नाही. जड शिसं लावलं तर लहान मासा टोचतोय की नाही हे मुलाला कळत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीला, ओढ कमी, पण भरती पहाटे होऊन जाते आणि सकाळभर ओहोटी मिळते. म्हणून मुलांसाठी एकादशी-द्वादशी बरी. उधाण अजून चढलेलं नसतं आणि भरती सकाळी सात ते नऊच्या दरम्यान भरते. भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी उलटल्यावरचा पहिला अर्धा तास, एवढाच वेळ मासा खरा खातो. दोन भरत्यांत सुमारे साडेबारा तासांचं अंतर असतं आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. हे गणित मुलांकडूनच करून घ्या.

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही बंदच.

मुलासाठी ऑनलाइन रॉड-रील मागवलं आहे. चालेल ना? (नाशिक)

घरी ठेवा. होडीत चार माणसं, त्यात मागे झोकात रॉड फिरवणारा एक नवशिका म्हणजे कुणाच्या तरी कानात गरी. शिवाय रीलमध्ये तंगूस (नायलॉनची दोरी) गुंतला की पुढचा अर्धा तास तो सोडवण्यात जातो. पहिल्यांदा हातदोरीच हवी. माशाची टुचटुच थेट बोटाला लागते आणि मुलाला त्यातच खरी गंमत येते.

दोरी अशी करा. ०.५० मिलिमीटर जाडीचा तंगूस, २५ मीटर, पीव्हीसी पाइपाच्या वीतभर तुकड्यावर गुंडाळलेला. मोठी माणसं ०.३० चा वापरतात, पण तो लहान बोटांना कापतो. टोकाला स्विव्हल (गरगर फिरणारी छोटी कडी), त्याच्या वर २० ते ३० ग्रॅम शिसं ओवलेलं, स्विव्हलखाली ४० सेंटिमीटर बारीक तंगूस आणि एकच गरी, ६ नंबरची. तांडेलकडच्या दोरीला दोन-तीन गऱ्या असतात, त्यातली एक ठेवून बाकीच्या काढायला सांगा. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. काही मासे सुटतील, सुटू देत. ती गरी बोटात गेली तरी आली तशी परत निघते.

आमिषाला सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. अख्खी कोळंबी लावली की लहान मासे कडेने कुरतडून पळतात आणि मूल रिकामी गरी बघत बसतं. शिसं तळाला टेकलं की दोरी सैल पडते, मग वीतभर वर घ्यायची आणि तर्जनीवरून धरायची. पहिल्या टुचटुचीला ओढायचं नाही, ओढ जाणवली की मनगटाने एक हलका हिसका द्यायचा. मुलांच्या दोन चुका ठरलेल्या: दर मिनिटाला दोरी वर काढून बघणं आणि दोरी हाताला गुंडाळणं. पहिलीने मासा जातो. दुसरी अजिबात चालवून घेऊ नका, मोठा मासा लागला तर बोट कापलं जाईल.

लाइफ जॅकेट असतात का? मुलीला गाडी लागते, होडी लागेल? (कोल्हापूर)

जॅकेट असतात, पण लहान मापाची असतीलच असं नाही. बुकिंग करतानाच मुलांची वजनं सांगा. बकलं लावल्यावर दोन्ही खांद्यांकडे धरून जॅकेट वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे, मूल पाण्यात पडल्यावर त्यातून खाली निसटेल. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर उत्तम.

गाडी लागणाऱ्या मुलाला होडीच्या मधोमध, इंजिनाच्या धुरापासून दूर बसवा. निघण्याआधी दीड-दोन तास हलकं खाणं, पोट रिकामं नको. मान खाली घालून आमिष लावणं, मोबाइल बघणं यानेच उलटी होते, म्हणून तिचं आमिष तुम्ही लावा आणि तिला लांब काठाकडे बघू द्या. गोळी द्यायची तर डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

खाडीत विषारी मासे असतात असं ऐकलं. (एक आजी, सावंतवाडी)

खरं आहे आजी, आणि तुम्हाला नावंही माहीत असतील. शेंगटी गरीला हमखास लागते. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, टोचले की भयंकर कळ येते. म्हणून नियम एकच: गरीतून मासा काढणं तांडेलकाकांचं काम. मुलाने मासा होडीवर आणायचा आणि हात मागे घ्यायचे. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. या विषावर उष्णतेने उतार पडतो. पाण्याचा अंदाज आधी मोठ्याने स्वतःच्या हाताने घ्या, नाहीतर मूल भाजेल. थर्मासभर गरम पाणी यासाठीच न्यायचं. नंतर डॉक्टरकडे जाणं आहेच, काट्याचा तुकडा आत राहतो.

दुसरा केंड. फुग्यासारखा फुगतो म्हणून मुलांना भारी आवडतो, पण दात तंगूस तोडतील असे. बघून पाण्यात सोडा. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला गरवता येईल का? फोटो छान येतील. (पुणे)

नाही. १९८७ पासून मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य आहे आणि किल्ल्याभोवतीच्या गाभा क्षेत्रात मासेमारी करता येत नाही. फोटो किल्ल्यात काढा.

मासा तडफडताना बघून मुलगा रडला तर? (डोंबिवली)

आदल्या रात्रीच ठरवा, ठेवायचा की सोडायचा. सोडायचा तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. अर्ध्या मिनिटात पाण्यात. ठेवायचा तर तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या मागे डोक्यावर लाकडाचा एक ठोका आणि लगेच बर्फात. तांडेल हे झटकन करतो, फक्त त्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर मासा बादलीत पडून राहतो. वीतभरही नसलेली तांबोशी किंवा काळुंदर सोडूनच द्या, ती अजून वाढायची आहेत.

आणि काहीच लागलं नाही तर? (बोरिवली)

वीस मिनिटं टुचटुचही नसेल तर जागा बदलायला सांगा, संकोच करू नका. कांदळवनाच्या कडेला, जिथे खोल पाणी उथळाला मिळतं तिथे नांगर टाकतात. तरी नाहीच, तर गरी ८ नंबरची करून आमिष निम्मं करा, मुडदुशा लागतात. एवढं करूनही भरती उलटून अर्धा तास झाला असेल तर दोऱ्या गुंडाळा आणि काठाच्या उथळात तांडेलला पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकायला सांगा. जाळ्यात काहीतरी वळवळतंच, आणि पाग ओढायला मुलांना आवडतो.