वाचकांचे प्रश्न : फार्मसीचे विद्यार्थी आणि रुग्णाची औषधे

प्रश्न : मी सांगली परिसरातील एका महाविद्यालयात फार्म. डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी) विद्यार्थ्यांना शिकवते. कोणते औषध कोणत्या औषधासोबत देऊ नये, हे मुलांना तोंडपाठ असते. परंतु वॉर्डात रुग्णासमोर उभे केले की काय विचारावे हे सुचत नाही आणि बहुतेक जण केसपेपर उतरवून घेऊन परत येतात. रुग्णाच्या एकूण औषधोपचाराची जबाबदारी पेलण्यासाठी त्यांना कसे तयार करावे?
— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : केसपेपरवर डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे असतात, रुग्ण प्रत्यक्षात घेतो ती नव्हेत. म्हणून पहिले काही आठवडे विद्यार्थ्याच्या हाती केसपेपर देऊच नये, त्याला रुग्णाची औषधांची पिशवी पाहायला लावावे, असे माझे मत आहे. जत किंवा आटपाडीकडून मिरजेला उपचारासाठी येणाऱ्या वयस्कर माणसांच्या पिशवीत अनेकदा कापून घेतलेल्या पट्ट्या निघतात आणि नाव व मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहिलेला असतो. सरकारी दवाखान्यातली एक आणि गावातल्या मेडिकलमधली दुसरी, अशा एकाच औषधाच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या समजून रोज घेतल्या जात असतील, तर तेही पिशवीतूनच कळते. ‘औषधे वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हेच उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी ‘आजी, काल रात्री जेवल्यावर कोणती गोळी घेतली, दाखवा बघू’ असे म्हटले, तर ‘ही गुलाबी घेतली, पन शुगरची संपलीया, चार दिस झालं’ हे त्या आपणहून सांगतात. ही माहिती पाठ्यपुस्तकात नसते आणि केसपेपरवरही नसते.

त्यानंतर हिशेब करायला शिकवावे. समजा, आजींचे वय ७० वर्षे, वजन ४५ किलो आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) १.२ आहे. लॅबच्या कागदावर हा आकडा नॉर्मलच्या काठावर दिसतो आणि विद्यार्थी पुढे सरकतो. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने १४० मधून वय वजा करून वजनाने गुणले, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागले आणि स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणले, की उत्तर मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर येते, म्हणजे मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटलेली आहे. आता याच पिशवीत टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची बीपीची एकत्रित गोळी आणि गुडघेदुखीसाठी गावातून आणलेले डायक्लोफेनॅक निघाले, तर ही तीन औषधे मिळून मूत्रपिंड अचानक बिघडवू शकतात, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हिशेबातून दिसते. पाठ केलेल्या तक्त्याचा अर्थ त्याला खऱ्या अर्थाने येथे लागतो.

मात्र धोका सापडला की विद्यार्थ्याला काम संपले असे वाटते, आणि आपल्या परीक्षाही तेथेच गुण देऊन मोकळ्या होतात. १९९० मध्ये अमेरिकेतील हेपलर आणि स्ट्रँड यांनी औषधोपचाराच्या परिणामाची जबाबदारी फार्मासिस्टने उचलावी, असा विचार मांडला; त्याचा व्यवहारातला अर्थ असा की त्याच रुग्णाकडे पुन्हा गेले पाहिजे. डायक्लोफेनॅक बंद झाले का, दुखण्यावर पर्याय काय दिला, एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासले का, हे त्या विद्यार्थ्यानेच पाहावे आणि गुणही या पाठपुराव्यालाच असावेत. दहा रुग्णांच्या सुबक फायली करण्यापेक्षा दोन रुग्णांचा शेवटपर्यंत पाठपुरावा मला अधिक मोलाचा वाटतो.

डोस बदलण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे. आपल्याला काय आढळले, त्याचा आधार काय आणि काय सुचवतो, एवढे त्याने डॉक्टरांना तीन-चार ओळींत लिहून द्यावे. ‘डॉक्टर, तुमचे चुकले’ असा सूर लागला, तर त्या वॉर्डाचे दार पुढच्या तुकडीलाही बंद होते. २००८ च्या नियमांनुसार फार्म. डी.चा अभ्यासक्रम शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसह सहा वर्षांचा आहे आणि त्यासाठी किमान ३०० खाटांचे रुग्णालय लागते. पण खाटा असून भागत नाही. राउंडच्या वेळी शिक्षक स्वतः तेथे उभा असावा लागतो, आणि अनेक ठिकाणी नेमके हेच होत नाही.

प्रश्न : मी कराडला डी. फार्म. (फार्मसीची पदविका) करून मेडिकलमध्ये प्रशिक्षण घेत आहे. गर्दीत प्रत्येक रुग्णाला समजावून सांगणे जमत नाही. काय करावे?
— एक विद्यार्थी

उत्तर : आपल्या ५०० तासांच्या प्रशिक्षणातले किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधे देण्यात जायला हवेत, तेव्हा ही संधी सोडू नये. सगळ्यांना सारखा वेळ देण्याची गरज नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल, तर गोळी रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे सांगून वार रुग्णाकडूनच वदवून घ्यावा, कारण तेथील चूक जिवावर बेतू शकते. इन्हेलर पहिल्यांदाच घेणाऱ्याला तो वापरून दाखवायला लावावे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तासांनी, हे पाकिटावर मराठीत लिहून द्यावे. मालकांकडून निदान या तीन प्रकारच्या चिठ्ठ्यांपुरती दोन मिनिटांची सवलत आधीच मागून ठेवावी.